काइटसर्फिंगची उडी पाण्यातच ठरते

गोव्यात मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तिथे वाळूवर उभं राहिलं की समोर मोठाले रंगीत पतंग दिसतात. प्रत्येक पतंगाखाली पाण्यावर एक माणूस, पायात फळी. त्यातला एखादा सरसरत येतो, अचानक वर उचलला जातो, हवेत उलटी गिरकी घेतो आणि अलगद टेकून पुढे निघून जातो. काठावरून बघणारे मग म्हणतात, "हातात काय ताकद असेल!" दुसरं कुणी म्हणतं, "वाऱ्यानेच उचललं की त्याला."

हात तर जवळजवळ रिकामेच असतात. पतंगाचा भार कमरेला बांधलेल्या हार्नेसवर येतो, हातांकडे फक्त वळवण्याचं काम राहतं. आणि वारा आयता उचलून नेत असता तर आम्ही शिकाऊ मंडळी महिना-महिना पाण्यात तोंडघशी पडलो नसतो. मी हा खेळ याच किनाऱ्यावर शिकले. पहिल्या हंगामात उडीचा विचार मी पाय पाण्यातून सुटल्यावर सुरू करायचे, आणि तोवर उशीर झालेला असायचा. उडी चांगली होणार की वाईट, हे पाणी सोडण्याआधीच्या दोन सेकंदांत ठरतं. ते नेमकं कसं, हे इथे उलगडून सांगते.

पतंग ओढतो कधी

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या कुणालाही याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. पतंग डोक्यावर स्थिर असतो तेव्हा मांजा बोटावर अलगद टेकलेला असतो. तोच पतंग गोता खाऊन आडवा पळाला की मांजा बोट कापतो. वारा तेवढाच असतो, मांजाही तोच. फरक एवढाच की आता पतंग स्वतः हवेतून धावतोय, त्यामुळे त्याच्या अंगाला लागणारा वारा आपल्या तोंडावर लागणाऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

हा जास्तीचा वारा फार मोठा हिशोब करतो, कारण ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. वारा १२ नॉटवरून १८ नॉटवर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर ओढ सव्वादोन पट होते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) म्हणून या खेळात पतंग कुठे आहे यापेक्षा तो कुठून कुठे आणि किती वेगाने चाललाय, हे महत्त्वाचं.

कुठे आहे हे सांगायला सगळे घड्याळाची भाषा वापरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीलगत ९, उजव्या हाताला ३. या कमानीच्या कडेवर पतंग शांत असतो, कारण तिथे पोचला की त्याला पुढे धावायला जागा उरत नाही. कमानीच्या आत, म्हणजे थेट तुमच्यासमोर वारा जातो त्या दिशेला, तो जबरदस्त ओढतो. नवशिक्याच्या हातून पतंग त्या पट्ट्यात शिरला की माणूस उपडाच पडतो. म्हणून पहिले काही तास दोन-तीन चौरस मीटरचा छोटा पतंग घेऊन वाळूवरच घालवावे लागतात. हे तास कंटाळवाणे वाटतात खरे, पण नंतरच्या सगळ्या करामती याच तासांवर उभ्या असतात. पतंगाकडे न बघता तो आत्ता ११ वर आहे की १ वर, हे हाताला कळलं पाहिजे. उडी मारताना वर बघत बसलात तर पाणी दिसणार नाही.

मोठा पतंग साधारण ९ ते १२ चौरस मीटरचा असतो, दोऱ्या २० ते २४ मीटरच्या. पुढच्या कडेला पंपाने फुगवलेली जाड नळी असते. याच नळीमुळे हा खेळ समुद्रावर शक्य झाला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगॅन्यू या भावांनी नोव्हेंबर १९८४मध्ये फुगवायच्या पतंगाचं पेटंट नोंदवलं. त्याआधीचे कापडी पतंग पाण्यात पडले की भिजल्या धोतरासारखे बसायचे. यांचा पतंग तरंगायचा आणि पाण्यातूनच पुन्हा उठायचा. एवढी सोपी वाटणारी गोष्ट, पण लोकांच्या हाती पोचायला १९९०चं दशक उलटत आलं. मग हवाईच्या माउई बेटावर तो खेळ पेटला आणि तिथून जगभर गेला.

बार : ओढायची कमी, सोडायची जास्त

हातात जो दांडा असतो त्याला बार म्हणतात. चार दोऱ्यांपैकी पुढच्या दोन दांड्याच्या मधून येऊन कमरेच्या हुकात अडकतात, भार त्यांच्यावर. मागच्या दोन दांड्याच्या टोकांना. डावं टोक ओढलं की पतंग डावीकडे वळतो, उजवं ओढलं की उजवीकडे. बार सगळाच स्वतःकडे ओढला की पतंगाची मागची कड खाली येते, तो वाऱ्यासमोर जास्त कोनात उभा राहतो आणि ओढ वाढते. बार पुढे ढकलला की ओढ उतरते.

घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरून जवळ ओढतो. तो आपला स्वभावच आहे, आणि इथे तो नेमका उलटा पडतो. पतंग सुसाट निघाला, तुम्ही घाबरून बार ओढलात, तर तुम्हीच त्याला आणखी बळ दिलंत. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने मला वाळूवर पन्नासेक वेळा "सोड!" म्हणायला आणि तसं करायला लावलं. तेव्हा वैताग आला होता. आज मला वाटतं, सगळ्या शिक्षणातला हाच सर्वांत मोलाचा अर्धा तास होता.

आणखी एक गोष्ट. बार जास्त ओढला म्हणजे ओढ जास्त असं एका मर्यादेपर्यंतच खरं. कोन फारच वाढला की वारा पतंगाच्या पाठीला धरून वाहायचा थांबतो, पतंग गुदमरतो आणि मागे सरकत खाली येऊ लागतो. उडीत उंची मिळत नाही म्हणून बार पोटात खुपसणारे बरेच जण असतात. ते पतंगाचा गळा दाबत असतात.

फळीची कड आणि फुगडी

आता पाण्याकडे. पतंग ओढतो वाऱ्याच्या दिशेने, मग माणूस वाऱ्याला आडवा कसा जातो? सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबा. बोटं दोन बाजूंनी दाबतात, पण बी तिसरीकडे, पुढे निसटते. पतंग एका बाजूने ओढतो, फळीची पाण्यात रोवलेली कड दुसऱ्या बाजूने अडवते आणि माणूस दोघांच्या मधून पुढे निसटतो. फळी सपाट ठेवली तर अडवणारं बोटच नाहीसं होतं. मग पतंग नेईल तिकडे, खाली वाऱ्याबरोबर.

कड रोवायची म्हणजे टाचांवर भार द्यायचा, कंबर पुढे, खांदे मागे आणि नजर जायचंय त्या दिशेला. कमरेत वाकून बसलं की भार टाचांवर जातच नाही. हे सांगायला मला फुगडीइतकं नेमकं दुसरं काही सापडलेलं नाही. फुगडीत पाय जवळ, हात ताणलेले, अंग मागे झोकलेलं. दोघींचा भार एकमेकींवर तोललेला असतो, म्हणून तो वेग सहन होतो. एकीने अंग सैल सोडलं की फुगडी मोडते आणि दोघी पडतात. इथे समोरची जोडीदारीण म्हणजे पतंग. तुम्ही मागे झुकलात की दोऱ्यांत ताण येतो. ताण आहे तोवर पतंग तुमचं ऐकतो. तुम्ही त्याच्याकडे सरकलात की दोऱ्या ढिल्या पडतात, पतंगाला लागणारा वारा कमी होतो आणि त्याचं बळच जातं.

ही कड धरून वाऱ्याच्या उलट बाजूला थोडं थोडं चढत जाता आलं, म्हणजे निघालात तिथेच परत येता आलं, की समजा तुम्ही शिकाऊ राहिला नाहीत. तोवर उडीच्या नादाला लागू नये असं माझं ठाम मत आहे. जो सुटला की खालच्या अंगाला वाहत जातो, त्याची प्रत्येक फेरी किनाऱ्यावरून चालत परत येण्यात संपते, आणि थकलेल्या पायांनी मारलेल्या उडीतच गुडघे दुखावतात.

उडी

समजा तुम्ही उजवीकडे चालला आहात. पतंग साधारण एक-दीड वाजता आहे, वेग मध्यम. वेग फार असेल तर कड धरवत नाही, कमी असेल तर ताणच नसतो.

आता बारचं डावं टोक ओढून पतंगाला मागे, ११-११.३०च्या दिशेने पाठवायचं. ठामपणे, एका हालचालीत. पतंग धावू लागतो. धावू लागला म्हणजे वर सांगितलेला जास्तीचा वारा सुरू झाला आणि ओढ झपाट्याने वाढू लागली, तीही आता वरच्या दिशेने. याच क्षणी सगळं शरीर एकच गोष्ट मागतं : फळी सपाट कर आणि ओढीबरोबर जा. नेमकं हेच करायचं नाही. कड आणखी खोल रोवायची, फळीचं नाक वाऱ्याकडे किंचित वळवायचं आणि थांबायचं. पतंग वर येतोय, तुम्ही खाली अडून बसला आहात, मधल्या दोऱ्या वीणेच्या तारेसारख्या ताणल्या आहेत. ही वाट बघणं एखाद-दीड सेकंदाचंच असतं, पण आत उभ्या असलेल्याला ते फार लांब वाटतं.

पतंग १२ ओलांडू लागला की मागच्या पायाने पाण्याला लाथ मारल्यासारखं उसळायचं आणि त्याच वेळी बार जवळ घ्यायचा. साठवलेला ताण एकदम सुटतो आणि तुम्ही वर जाता. तुमच्या उसळीने फार तर अर्धा मीटर मिळतो, बाकीचं सगळं त्या ताणाचं असतं. कड लवकर सोडली तर पतंग कितीही मोठा असो, लांब आणि बुटकी उडी मिळते.

हवेत गेल्यावर काम थोडं, पण चुकायला जागा भरपूर. गुडघे पोटाशी, नजर क्षितिजावर, बार जवळच. माझ्या पहिल्या महिन्यातल्या जवळपास सगळ्या उड्या मी पाठीवर आपटून संपवल्या, कारण हवेत गेले की भीतीने बार पुढे ढकलायचे. वाळूवर शिकलेलं "सोड" मी इथेही वापरत होते, आणि इथे ते चालत नाही. हवेत तुम्हाला धरून ठेवणारं एकच आहे, तुमच्या वरचा पतंग. त्याचं बळ काढलं की तुम्ही दगड. दहा मीटरवरून नुसतं पडलेलं माणूस ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतं. त्या वेगाला पाणी मऊ नसतं. डोक्यावर नीट उभा असलेला पतंग हेच पडणं छत्रीसारखं सावकाश करतो.

दुसरी चूक पतंग फार मागे, १० वाजेपर्यंत जाऊ देण्याची. तुमचं शरीर आधीच्या वेगाने पुढे चाललेलं असतं, पतंग मागे ओढतो आणि तुम्ही झोपाळ्यासारखे त्याच्याखालून पुढे फेकले जाता. तिथून परत येताना तुम्ही पाठीवर असता.

उडीच्या माथ्यावर, जिथे क्षणभर वजनच नाही असं वाटतं, तिथे पतंगाला पुन्हा पुढे, १ वाजण्याकडे वळवायचं. तो खाली झेपावत पुढे ओढतो, उतरण्याचा धक्का पुढच्या वेगात मिसळून जातो. फळीचं नाक थोडं वारा जातो त्या दिशेला, गुडघे सैल. हे वेळेवर जमलं की उतरल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

उलटी गिरकी

बहुतेकांना पहिली जमणारी करामत म्हणजे बॅकरोल, उलटी गिरकी. दिसते अवघड, पण साध्या उडीइतकीच असते, कारण गिरकी हवेत घ्यावी लागत नाही, ती पाण्यातून सोबत आणता येते. उडीआधी फळीचं नाक वाऱ्याकडे वळवायचं असं म्हटलं ना, तेच वळण जरा ठळक करायचं. शरीर वळता वळताच पाणी सोडतं, आणि हवेत त्या वळणाला थांबवणारं काही नसतं. पुढच्या खांद्यावरून मागे बघायचं; डोकं जिकडे जातं तिकडे बाकीचं अंग येतं. गुडघे आखडले की फिरणं वेगाने होतं, पाय लांब केले की मंदावतं. दोरीच्या मल्लखांबावर गिरकी घेणाऱ्या मुलांना हे कुणी सांगावं लागत नाही.

गोंधळ होतो तो हातांचा. अंग फिरताना हात बारला लोंबकळतात, नकळत एक टोक ओढलं जातं आणि पतंग भलतीकडे निघतो. म्हणून हात बारच्या मध्यावर, एकमेकांजवळ ठेवायचे. तिथून कितीही ओढलं तरी पतंग फारसा वळत नाही. या एका बदलाने माझ्या ओळखीतल्या तिघीजणींची अडलेली गिरकी एकाच दुपारी सुटली.

फ्रंटरोल म्हणजे हेच, उलट बाजूने. त्यात पाण्याचं वळण मदतीला येत नाही, म्हणून तो नंतर शिकावा. हुक सोडून नुसत्या हातांवर पतंग धरून करायच्या करामती, त्यात बार पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घेणं, हा वेगळा आणि खांद्यांवर बेतणारा प्रांत आहे.

काइटलूपबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण आज सगळ्या व्हिडिओंत तोच दिसतो. माणूस हवेत असताना पतंगाला पूर्ण वर्तुळात, त्या जबरदस्त ओढीच्या पट्ट्यातून फिरवायचं. पतंग माणसाच्या खाली जातो आणि त्याला आडवा फेकतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला उन्हाळ्यात आग्नेयेकडून जो दणदणीत वारा येतो, 'केप डॉक्टर' त्याचं नाव, त्या वाऱ्यात 'किंग ऑफ द एअर' स्पर्धेतले खेळाडू हे करतात. असं फेकलं गेलेलं माणूस वाचतं ते एकाच कारणाने : वर्तुळ पूर्ण करून पतंग पुन्हा त्याच्या डोक्यावर पोचलेला असतो. म्हणून लूप शिकायचा तो छोट्या पतंगावर, हलक्या वाऱ्यात आणि कमी उंचीवर, आधी पाण्यात बसून. उंचावर शिकायची ही गोष्ट नव्हे.

वारा, पाणी आणि इतर लोक

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. मोरजी-आश्वेचा वारा म्हणजे तेच खारे वारे. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. दोनच्या पुढे वारा भरू लागतो, तीन ते पाचमध्ये चढतो. तो वायव्येकडून, किनाऱ्याला तिरका येतो, आणि शिकायला हीच दिशा सर्वांत चांगली. काही बिघडलं तर वारा हळूहळू काठाला आणून सोडतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात कधीही उतरू नये. तो खोल पाण्यात नेतो आणि परत आणत नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याच्या उघड्या समुद्रापासून शिकणाऱ्याने लांबच राहावं. ढग आला की वारा मिनिटभरात दुप्पट होतो, आणि दुप्पट वारा म्हणजे चौपट ओढ.

करामती शिकायच्या तर लाटा नसलेलं सपाट पाणी हवं, कारण कड एकसारखी रोवता येते. त्यासाठी आपल्याकडचे बरेच लोक रामेश्वरमला जातात. बेटाच्या एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. वारा दक्षिणेचा असेल तर उत्तरेकडचं पाणी शांत, वारा फिरला की दक्षिणेकडचं. मधली जमीन लाटा अडवते, वारा अडवत नाही.

उतरण्याआधी वाळूवर उभं राहून तीन सुटका हाताला न बघता सापडतात का, हे दर वेळी तपासते. पहिली, बार सोडणं. दुसरी, हुकाजवळची सुटकेची कळ. ती ढकलली की पतंग एकाच दोरीवर लोंबतो आणि त्याची ताकद जाते. तिसरी, त्या शेवटच्या दोरीचीही कळ. ती दाबली की पतंग गेला. हजारोंचा माल वाहून जातो, पण जायचाच असेल तर तो जावा. हेल्मेट आणि जाकीट घातलेलं असावं. पतंग उभा करताना आणि उतरवताना सोबत माणूस असावं. बहुतेक अपघात खोल पाण्यात नाही, काठाजवळच्या वाळूवर होतात, कारण तिथे आदळायला होड्या, खांब आणि झाडं असतात.

आणि हा किनारा आपल्या एकट्यांचा नाही. सकाळी इथे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जाते, होड्या वाळूवर असतात, थंडीत मोरजीला कासवं अंडी घालायला येतात आणि घरट्यांभोवती कुंपण असतं. दोऱ्या पसरायच्या आधी रापणकरांना विचारावं. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट वारा कधी पडेल हे त्यांच्याइतकं अचूक कुठलंही ॲप सांगत नाही.

समुद्रावर पांढरा फेस जागोजाग दिसू लागला की वारा १२ नॉटच्या आसपास आलेला असतो. तेव्हा उतरा, एकाच बाजूने दहा-बारा उड्या मारा, मग दुसऱ्या बाजूने. सूर्य कलला की वारा दम सोडू लागतो आणि पतंग हवेत जड वाटायला लागतो. ती शेवटची उडी राहू द्या. दोऱ्या बारवर आठच्या आकड्यात गुंडाळा, नाहीतर उद्याची अर्धी दुपार गाठी सोडवण्यात जाईल.